‘असूनही’ या शब्दाचं काय करायचं?

अमेरिकेत मास्टर्स किंवा पीएच.डी.साठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला एक निबंध लिहावा लागतो. त्याचं औपचारिक नाव ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’. आपल्याकडे कॉलेजांत आणि कोचिंग क्लासेसमध्ये सगळे त्याला एसओपी म्हणतात. साधारण पाचशे ते हजार शब्दांचा मजकूर. दिवाळीच्या आगेमागे त्याचे मसुदे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात, आधी जाऊन पोचलेले सिनियर ते तपासतात आणि डिसेंबर-जानेवारीत ते कुठल्यातरी प्रवेश समितीपुढे जाऊन पडतात. एसओपी कसं लिहावं याच्या टिप्स हव्या तितक्या मिळतात. पण हा एक लेखनप्रकार आहे, त्यालाही निवेदक असतो, संकेत असतात, ठरीव वळणं असतात, आणि या संकेतांनी लिहिणाऱ्याचं काय होतं हे बघायला हवं, असं मानून त्याकडे क्वचितच कुणी पाहतं. कथा-कवितेच्या समीक्षेतून निदान कुणाचा प्रवेश अडत नाही. इथे तोही अडतो.

या लेखात मी या लेखनप्रकाराचा एकच कोपरा घेतो आहे : पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या अपंग विद्यार्थ्याचं एसओपी. असे मसुदे वाचताना एक शब्द इतक्या वेळा भेटतो की त्याच्यावरच थांबावंसं वाटतं. तो शब्द म्हणजे ‘असूनही’. ‘दृष्टी नसूनही मी कधी हार मानली नाही.’ ‘पायांत बळ नसतानाही स्वप्नांना पंख होते.’ मजकूर इंग्रजीत असतो, पण वाक्याची ठेवण हीच. पहिल्या परिच्छेदात आजार किंवा अपघात, दुसऱ्यात आईवडिलांचे कष्ट आणि शाळेचा नकार, तिसऱ्यात दहावी-बारावीचे टक्के. संशोधनाचा विषय येईपर्यंत अर्धं पान संपलेलं असतं. यातलं खोटं काहीच नसतं, आणि तरीही वाचून झाल्यावर लिहिणाऱ्याबद्दल फारसं काही कळलेलं नसतं.

असं का होतं, याचं उत्तर अपंगत्व-अभ्यास नावाच्या ज्ञानशाखेत थोडंफार सापडतं. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी २००० साली ‘नॅरेटिव्ह प्रॉस्थेसिस’ या पुस्तकात असं मांडलं की साहित्य अपंगत्वाचा वापर कुबडीसारखा करतं. कथेला जोर हवा असतो, म्हणून एक अपंग पात्र येतं. पण त्या पात्राचं रोजचं जगणं, जिने, कचेऱ्या, पैसे यांत कथेला रस नसतो. जी. थॉमस काउझर यांनी अपंगांच्या आत्मकथनांचा अभ्यास करताना त्यांतल्या निवेदनाच्या पाच तऱ्हा सांगितल्या : विजयाची, भयाची, आध्यात्मिक भरपाईची, गतकाळाच्या हुरहुरीची आणि मुक्तीची. पहिल्या चार तऱ्हांत अडचण व्यक्तीच्या शरीरात असते. पाचवीत ती बाहेर, व्यवस्थेत असते, आणि सुटका शरीरापासून नव्हे तर त्या व्यवस्थेपासून हवी असते.

‘असूनही’वालं एसओपी सरळसरळ पहिल्या तऱ्हेत बसतं. चौथीतल्या हुरहुरीला तिथे जागा नाही, दुसरीतलं भय प्रवेश समितीला घाबरवेल. तिसरी, म्हणजे आध्यात्मिक भरपाई, आपल्याकडे तर सरकारी शब्दातच येऊन बसली आहे. २०१५च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावं असं सुचवलं आणि तो शब्द कार्डांवर, फलकांवर, रेल्वेच्या डब्यांवर आला. अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी त्याला विरोध केला. एक अवयव चालत नाही म्हणून दुसरीकडे काहीतरी दिव्य मिळालेलं असणार, ही गोष्ट त्या शब्दातच आहे, आणि ज्याला दिव्य असं काही मिळालेलं नाही, फक्त रॅम्प हवा आहे, त्याची त्यात पंचाईत होते. मी या लेखात ‘अपंग’ हाच जुना शब्द वापरतो, कारण तो निदान गोष्ट सांगत बसत नाही.

विजयाच्या तऱ्हेत एक व्याकरणिक अट असते. अपंगत्व भूतकाळात गेलं पाहिजे. अडचण होती, मी ती ओलांडली, आता मी तुमच्यासमोर उभा आहे. गोष्ट संपायची तर अडचणही संपायला हवी. पण सेरेब्रल पाल्सी संपत नाही. अंधत्व अर्जाच्या तारखेला बरं होत नाही. विद्यार्थ्याला जे वर्तमानकाळात रोज जगायचं आहे, ते त्याचा निबंध भूतकाळात ढकलत असतो. पुढे प्रवेश मिळाल्यावर त्याला जेव्हा वाचक, लेखनिक, वेळवाढ किंवा तळमजल्यावरची खोली मागायची असते, तेव्हा आपल्याच निबंधातला नायक त्याच्या विरोधात साक्ष देतो की काय, असं त्याला वाटू लागतं.

कारण अपंग विद्यार्थी एकच मजकूर लिहीत नसतो. तो दोन लिहितो, आणि ते दोन एकमेकांशी भांडतात.

दुसरा मजकूर म्हणजे प्रमाणपत्रांची फाईल. आपल्याकडे २०१६च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वं मान्य केली; त्यातल्या उच्चशिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांसारख्या तरतुदींसाठी मात्र किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. सरकारी रुग्णालयातला डॉक्टर शरीराला आकडा देतो आणि तो आकडा यूडीआयडी कार्डावर छापला जातो. अमेरिकेच्या अर्जाला हे कार्ड पुरत नाही. जीआरई घेणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडे वेळवाढ, जादा विश्रांती, ब्रेल, स्क्रीन रीडर किंवा उत्तरं लिहून देणारा माणूस हवा असेल तर वेगळी कागदपत्रं द्यावी लागतात, आणि नुसतं निदान देऊन भागत नाही. या अपंगत्वामुळे परीक्षेत नेमकं काय करता येत नाही, हे त्यात दाखवावं लागतं. ही मंजुरी परीक्षेची तारीख घेण्याआधी मिळवायची असते, तिला आठवडे लागू शकतात, म्हणून ज्याला डिसेंबरमध्ये अर्ज करायचा आहे त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीतच हे काम हातात घेतलेलं बरं. अनेक विभागांनी आता जीआरईची सक्ती काढून टाकली आहे, पण टोफेल किंवा तत्सम इंग्रजीची परीक्षा बहुतेकांना चुकत नाही, आणि तिथेही हीच वाट आहे.

म्हणजे एका फाईलीत त्याच विद्यार्थ्याने लिहायचं : मला हे जमत नाही, हे कायमचं आहे, हा पुरावा. दुसरीत लिहायचं : मला काहीही अशक्य नाही. पहिल्या फाईलीतला निवेदक जितका असमर्थ तितकी सवलत पक्की. दुसऱ्या फाईलीतला निवेदक जितका समर्थ तितका प्रवेश पक्का. कायद्याच्या दृष्टीने यात विसंगती काही नाही, कारण सवलत मिळाली की माणूस समर्थपणे काम करतो, हेच तर कायद्याचं गृहीतक आहे. पण एकविसाव्या वर्षी एकाच आठवड्यात हे दोन मजकूर लिहिणाऱ्याला आपण कुठेतरी खोटं बोलतो आहोत असं वाटत राहतं.

या दोन मजकुरांमधली फट जुनी आहे. पोलिओ झालेला आणि रात्री आयर्न लंगमध्ये झोपणारा एड रॉबर्ट्स १९६२ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला गेला. वसतिगृहात ते यंत्र मावेना, म्हणून त्याची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात झाली. शिक्षणाच्या खर्चासाठी त्याने राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे मदत मागितली, तर त्या खात्याचं म्हणणं पडलं की हा इतका अपंग आहे की याला कधी नोकरी मिळणार नाही. विद्यापीठाला तो पुरेसा समर्थ वाटायला हवा होता. खात्याला तो अपंग तर वाटायला हवा होता, पण फार अपंग नव्हे. १९७५ साली त्याच खात्याचा संचालक म्हणून त्याची नेमणूक झाली. ही गोष्ट सहसा विजयकथा म्हणून सांगतात. मला तिच्यात वाचनाची चूक दिसते : खात्याने एक फाईल वाचली आणि तीच माणसाची पूर्ण गोष्ट आहे असं धरून चाललं.

परीक्षेच्या बाबतीतही अशीच एक चूक बरीच वर्षं चालली. सवलतीने दिलेल्या परीक्षेच्या गुणांपुढे ते विशेष परिस्थितीत मिळवले आहेत अशी खूण केली जात असे. गुणपत्रक वाचणाऱ्याला त्या खुणेवरून अपंगत्व कळे आणि गुणांबद्दल शंकाही येई. दोन्ही हात नसलेल्या एका परीक्षार्थीने याविरुद्ध दावा लावला. तो ब्राइमहॉर्स्ट खटला म्हणून ओळखला जातो. त्यातल्या तडजोडीनंतर २००१ पासून जीआरई आणि जीमॅटच्या गुणांवरची ही खूण बंद झाली. आपल्याकडे २०२१ साली विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे लेखनिकाचा प्रश्न आला. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या व्याख्येत बसत नव्हतं. न्यायालयाने ठरवलं की लेखनिकाचा हक्क त्या आकड्याला बांधता येणार नाही. दोन्ही निकालांनी एक वाचनपद्धत मोडून काढली : कागदावरची एक खूण किंवा एक आकडा म्हणजे माणूस, ही.

मग एसओपीत अपंगत्व सांगायचं की नाही? अमेरिकन कायद्याची इथे मदत होते, पण ती अर्धीच. १९७३च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४खालच्या नियमांनुसार, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या विद्यापीठाला प्रवेशाआधी अर्जदार अपंग आहे का असं विचारता येत नाही. काही अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हा. प्रवेशानंतरच्या सोयींचं काम वेगळ्या कार्यालयाकडे असतं आणि तिथली कागदपत्रं प्रवेश समितीकडे जात नाहीत. मात्र अनेक ठिकाणी एसओपीबरोबर दुसराही एक निबंध मागतात. बर्कलीत त्याला ‘पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट’ म्हणतात. कुठल्या अनुभवांनी, अडचणींनी तुम्हाला इथवर आणलं, अशा प्रकारचा त्याचा रोख असतो. म्हणजे अपंग आहात का, हे विचारायचं नाही. पण तुमची अडचण सांगा, असं म्हणता येतं. त्यामुळे सांगावं की नाही हा प्रश्न कायद्याकडून सुटून निबंधाच्या रूपाकडे येतो, म्हणजे आपल्या, समीक्षेच्या, प्रांतात येतो.

या प्रश्नावर मला सगळ्यांत जास्त शिकवणारा लेखक वेद मेहता आहे. १९३४ साली लाहोरला जन्म, चार वर्षांचा व्हायच्या आत मेनिन्जायटिसने दृष्टी गेली, आणि पाचेक वर्षांचा असताना त्याला मुंबईत दादरच्या अंधशाळेत पाठवलं गेलं. त्या दिवसांवर त्याने पुढे ‘वेदी’ हे पुस्तक लिहिलं. अमेरिकेतल्या शाळांना त्याने अर्ज केले, नकार पचवले, आणि १९४९ साली, पंधराव्या वर्षी, अर्कान्सासच्या अंधशाळेने त्याला घेतलं. नंतर पोमोना कॉलेज, ऑक्सफर्ड, हार्वर्ड. आजच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस तरुणपणभर अर्जच करत होता.

त्याच्या लेखनात आपल्याला हव्या असलेल्या प्रश्नाची तीन उत्तरं सापडतात. १९५७चं ‘फेस टू फेस’ हे तेवीस वर्षांच्या मुलाचं आत्मकथन आहे : आजार, फाळणी, परदेश, कॉलेज. त्यात अपंगत्व हीच गोष्ट आहे. नंतर ‘न्यूयॉर्कर’साठी लिहिलेल्या आणि १९६३ साली ‘फ्लाय अँड द फ्लाय-बॉटल’ या पुस्तकात आलेल्या लेखांत तो इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञांना आणि इतिहासकारांना भेटतो. त्यांचे चेहरे, कपडे, खोल्या यांची वर्णनं त्यात आहेत. लेखक आंधळा आहे याचा मागमूस नाही. यावर टीका झाली; हे लपवणं आहे, असं काहींना वाटलं. तिसरं उत्तर १९८५च्या ‘साउंड-शॅडोज ऑफ द न्यू वर्ल्ड’ या पुस्तकात, अर्कान्सासच्या दिवसांबद्दल लिहिताना येतं. ‘ध्वनीची सावली’ म्हणजे समोरच्या वस्तूमुळे आवाजात पडणारा फरक. भिंत, खांब, उभी गाडी या गोष्टी अंध माणसाला अशा सावल्यांवरून कळू शकतात. इथे अंधत्व ओलांडायचा अडथळाही नाही आणि झाकायची गोष्टही नाही. ते जग जाणण्याची एक रीत आहे, आणि लेखक ती रीत कशी चालते ते समजावून सांगतो.

सांगणं, न सांगणं, आणि रीत म्हणून सांगणं. मेहताला पहिल्या उत्तरापासून तिसऱ्यापर्यंत यायला अठ्ठावीस वर्षं लागली. अर्जदाराला तेवढा वेळ नसतो, पण तिसरा पर्याय आहे हे माहीत असलं तरी मसुदा बदलतो.

समजा, मराठी साहित्याच्या अंध विद्यार्थिनीला दक्षिण आशियाई अभ्यासात पीएच.डी. करायची आहे. ‘असूनही’च्या मसुद्यात ती लिहील की डोळे नसूनही तिने एकोणिसाव्या शतकातली नियतकालिकं वाचली. दुसऱ्या मसुद्यात ती असं लिहू शकते : जुन्या नियतकालिकांच्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो असतात, स्क्रीन रीडरला त्यात अक्षर सापडत नाही. ओसीआर करावं तर जोडाक्षरं फुटतात, जुन्या लेखनातले अनुस्वार गळतात. मी एका नियतकालिकाचे काही अंक दुरुस्त करून वाचनीय केले. ते करताना माझ्या लक्षात आलं की आपल्या डिजिटल संग्रहांनी ‘वाचक’ कोण हे आधीच ठरवून टाकलं आहे, आणि माझा प्रश्न त्या ठरवण्याच्या इतिहासाचा आहे. या मसुद्यात धैर्याचा उल्लेख नाही. पण वाचणाऱ्या प्राध्यापिकेला तीन गोष्टी कळतात : हिला सामग्री माहीत आहे, हिने काम केलं आहे, हिच्याकडे प्रश्न आहे. अपंगत्व त्यात वर्तमानकाळात आहे, आणि पुढे मागायच्या सोयींशी त्याचं भांडण होत नाही.

प्रत्येकाला असा दुवा सापडेलच असं नाही. गणितात पीएच.डी. करू पाहणाऱ्या आणि कुबड्या वापरणाऱ्या मुलाच्या संशोधनाचा त्याच्या पायांशी काही संबंध नसेल. मग त्याने दुसरा पर्याय घ्यावा, न सांगावं, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नये. एखादं सत्र बुडालं असेल, गुण घसरले असतील, तर तेवढ्यापुरती दोन सरळ वाक्यं पुरतात : या सत्रात शस्त्रक्रिया झाली, पुढच्या सत्रांतले गुण असे आहेत. खुलासा ही वेगळी गोष्ट आहे आणि कथा वेगळी. खुलाशाला नायक लागत नाही.

अर्जातला तिसरा मजकूर विद्यार्थ्याच्या हातात नसतो : शिफारसपत्रं. आपल्याकडे बऱ्याचदा सर किंवा मॅडम म्हणतात, ‘तूच ड्राफ्ट करून आण, मी बघतो.’ ही पद्धत वाईटच, पण निदान काय लिहिलं जातंय ते तरी कळतं. जिथे प्राध्यापक स्वतः लिहितात तिथे धोका प्रेमातून येतो. विद्यार्थ्याने आपल्या निबंधात न सांगितलेलं अपंगत्व ते कौतुकाने सांगून टाकतात, आणि वाक्य हमखास ‘असूनही’चंच असतं. काय सांगायचं आणि काय नाही हे आधी बसून ठरवायला हवं. ‘सर, माझ्या आजाराबद्दल लिहू नका, माझ्या प्रकल्पाबद्दल लिहा’ हे वाक्य म्हणायला आपल्या कॉलेजांतल्या मुलांना जड जातं, कारण सरांनी केलेल्या कौतुकाला अट घालणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून पत्र लिहिणाऱ्यांनीच आधी विचारावं.

याच्यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. विजयकथा चालते. ती वाचून समित्या प्रभावित होत असतील, तर घरी पैशाची ओढ असलेल्या, पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला समीक्षेच्या शुद्धतेपायी ती सोडायला सांगणारे आपण कोण? शिवाय ती गोष्ट खरी असते. आईने पाठीवर बसवून शाळेत नेलं असेल तर ते का लिहू नये?

लिहावं. प्रश्न एवढाच की त्या वाक्यानंतर काय येतं. ‘आईने पाठीवरून नेलं’ या वाक्यानंतर ‘आणि मी जिद्द सोडली नाही’ असं आलं तर शाळेला जिना का होता, हा प्रश्न नाहीसा होतो. नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचं नाव ‘चाकाची खुर्ची’ आहे. शीर्षकात दुःख नाही, जिद्दही नाही. रोज वापरायची वस्तू आहे. हुरजूक यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अशी पुस्तकं ‘प्रेरणादायी’ म्हणून भेट दिली जातात, बक्षीस समारंभात वाटली जातात, आणि वाचणारा स्वतःच्या धडधाकटपणाबद्दल कृतज्ञ होऊन ती मिटतो. ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग हिने २०१४ सालच्या एका भाषणात स्पष्ट सांगितलं होतं की ती इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून जगत नाही. गोष्ट खरी असणं आणि ती वाचण्याची सवय चुकीची असणं, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. एसओपी लिहिणारा त्या सवयीला खाऊ घालतो तेव्हा त्याचा प्रवेश कदाचित होतो. पण पुढची पाच-सहा वर्षं त्याला त्याच सवयीच्या लोकांत, प्रेरणा म्हणून वावरावं लागतं.

आणि अर्ज मजकुरावर संपतही नाही. मार्गारेट प्राइस यांनी ‘मॅड अ‍ॅट स्कूल’ या २०११च्या पुस्तकात विद्यापीठातल्या अशा जागांकडे लक्ष वेधलं आहे, ज्या औपचारिक वाटत नाहीत पण जिथे खरी किंमत ठरते : मुलाखत, प्राध्यापकांच्या खोलीतल्या गप्पा, परिषदेतली चहाची वेळ. झूमवरच्या मुलाखतीत तोतरेपणा, ऐकू न येणं, नजरेला नजर न देणं हे सगळं न सांगता सांगितलं जातं. तिथे उपशीर्षकं किंवा आधी लेखी प्रश्न मागता येतात, आणि मागावेत. ज्या विभागाला तेवढंही जड जातं, त्याच्याबद्दल अर्जदाराला वेळेवर कळलेलं चांगलं. ऑफर हातात आल्यावर प्रश्न विचारायची पाळी अर्जदाराची असते : प्रयोगशाळेचं दार किती रुंद आहे, आरोग्यविम्यात काय बसतं, मदतनीसाचा खर्च कोण करतं, बर्फात बस स्टॉपपर्यंतचा रस्ता कोण साफ करतं. या प्रश्नांनी कुणाला प्रेरणा मिळत नाही. पण पदवी पूर्ण होणार की नाही, हे बहुतेक यांच्यावरच ठरतं.

आपल्याकडे अपंगांच्या लेखनाची समीक्षा फार थोडी होते; जी होते ती लेखकाच्या धैर्याला नमस्कार करून थांबते. ज्या समाजात पुस्तकांचं असं वाचन होतं, तिथल्या मुलाने आपला अर्जही तसाच लिहिला तर त्याचा दोष एकट्याचा नाही. त्याने ते वाक्य आपल्याकडूनच उचललेलं असतं. तेव्हा पुढच्या वेळी कुणा अपंग विद्यार्थ्याचा मसुदा तपासायला आला, तर स्पेलिंग बघायच्या आधी ‘असूनही’ला पेन्सिलीने गोल करावा आणि विचारावं : हे वाक्य काढलं तर तुझ्या कामाबद्दल काय सांगायचं राहतं? जे राहतं ते आधी लिहू. बाकीचं नंतर, तुला वाटलं तर.